फेरफार पंजीतल्या बाया

आर्वी तालुक्यात माझं सेतू केंद्र आहे. दिवसभर सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले, पीकविम्याचे फॉर्म हेच चालतं. म्हणून मामेदादाच्या नागपूरच्या डॉक्टरांनी "घराण्यात कोणाला काय झालं होतं, तीन पिढ्यांचा तक्ता करून आणा" असं सांगितल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कागदाचं काम ना, मग तिलेच सांगा.

दादा ४१ वर्षांचा. दम लागायचा, फवारणीचा पंप पाठीवर घेतला की धुऱ्यावर बसून जायचा. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं. आमच्याकडे रक्त कमी म्हटलं की पहिली शंका सिकलसेलची, म्हणजे घराण्यात चालणाऱ्या रक्ताच्या आजाराची. ती टेस्ट निगेटिव्ह आली आणि सगळे निर्धास्त झाले. मग रक्तवाढीच्या गोळ्या सुरू. गोळ्या घेतल्या की आकडा चढायचा, थांबवल्या की उतरायचा. पण रक्त जातंय कुठे, हे कुणी विचारलं नाही. बाईचं रक्त कमी असलं की पाळीवर ढकलता येतं; चाळिशीच्या गड्याचं का कमी होतंय, याला काहीतरी उत्तर हवं ना! मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असली की रक्त आतल्या आत झिरपतं, शौचात डोळ्यांना दिसत नाही. तो भाग रुंद असतो, तिथला मल पातळ असतो, त्यामुळे पोटही लवकर तुंबत नाही. शेवटी नागपूरला दुर्बीण टाकली आणि गाठ सापडली. ऑपरेशन झालं. एवढ्या कमी वयात आतड्याचा कॅन्सर कसा, म्हणून डॉक्टरांनी तक्ता मागितला.

तक्ता करायला बसले तर पहिली अडचण भाटाची. मामाकडे भाट यायचा, सुगी झाली की. त्याच्या लांबोळक्या पोथीत बारा-तेरा पिढ्या आहेत. अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. बाया नाहीत. फार तर "कन्या तीन" एवढंच. त्या कन्या कुठे दिल्या, त्यांना लेकरं किती, त्या कशानं गेल्या, काही नाही. वंशावळ म्हणून ती भारी असेल, आनुवंशिक आजार शोधायला अर्धी निकामी. बिघडलेलं जनुक मुलगा-मुलगी पाहत नाही. प्रत्येक लेकराला ते मिळण्याची शक्यता सारखीच, निम्मी.

आबाजी म्हणजे मामाचे वडील. त्यांच्या बहिणी मला शेवटी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये सापडल्या. पणजोबा बहात्तरच्या दुष्काळानंतर वारले, त्यांच्या वारसांचा फेरफार जुन्या पंजीत होता. कडा कुरतडलेलं पान, निळी शाई पसरलेली. वारसांत दोन मुलगे, विधवा पत्नी आणि खाली तीन मुली, नावानिशी, सासरच्या गावासकट. एक नेरपिंगळाईची, एक मोर्शीकडची, एक पुलगावची. पुढे त्यांचा जबाब की आम्ही आपला हिस्सा राजीखुशीनं भावांच्या लाभात सोडतो. आणि तीन अंगठे, डाव्या हाताचे. एकीचा अंगठा घसरून दुसरीच्या नावावर गेलेला. सही घेतल्याशिवाय जमीन भावांच्या नावावर चढत नव्हती, म्हणून तर त्या बाया कागदावर आल्या. रोज हक्कसोडचे कागद हातांखालून जातात, पण त्यांचा हा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. तुमच्या घरी असा तक्ता करायची वेळ आली तर भाटाची वाट पाहू नका, वारसाचा फेरफार काढा.

घराण्यात चालणाऱ्या अशा कॅन्सरच्या संशोधनाची सुरुवातही एका बाईनं दिलेल्या माहितीतूनच झाली. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथे अल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरला एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली की आमच्या घरातले बरेच जण पोटाच्या नाहीतर बाईच्या अंगाच्या कॅन्सरनं गेले, मीही तशीच जाणार. ती तरुणपणीच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. वॉर्थिननं तिच्या घराण्याचा माग काढला आणि १९१३ मध्ये तो छापला. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे अमेरिकेतल्याच ओमाहाच्या हेन्री लिंच या डॉक्टरला एक दारूचा रुग्ण भेटला. एवढी का पितोस, तर म्हणे आमच्या घरचे सगळे कॅन्सरनं मरतात, मीही मरणार. (आमचा जिल्हा कागदावर दारूबंदीचा आहे, पण हा युक्तिवाद इथेही कुणी केला असता.) लिंचनं १९६६ मध्ये अशा दोन घराण्यांची माहिती प्रसिद्ध केली. कॅन्सर हवेपाण्यानं होतो, घराण्यानं नाही, असं मानणाऱ्यांचा तो काळ. आज या प्रकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. १९९३ मध्ये एमएसएच२ हे जनुक सापडलं, मागोमाग एमएलएच१, आणि पुढे त्या शिवणकामवालीच्या घराण्यातही दोष एमएसएच२ मध्येच निघाला.

बिघडतं काय, तर पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. हाताचे सातबारे संगणकावर चढवताना नावं चुकली, क्षेत्र चुकलं, ती दुरुस्त करायला माणसं बसवावी लागली, तसा शरीरातही दुरुस्तीचा विभाग असतो. लिंचमध्ये तो विभागच अर्धवट. चुका साठत जातात आणि एखाद्या ठिकाणी पेशी सुटतात. आतड्यात, गर्भाशयात, कधी अंडाशयात, जठरात, मूत्रमार्गात.

इथे मावशी आली. तक्त्यात मामाखाली लिहिलं, "वय ५२, आतड्याचा कॅन्सर". तो रिपोर्ट घरात होता. मावशीखाली काय लिहायचं? "पिशवीचा आजार" एवढंच सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडे पिशवी काढलेल्या बाया गल्लोगल्ली, कोण विचारतं कशासाठी! मावसभावानं ट्रंकेतून कागद शोधले: वय ४८, गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर.

असं घराणं ओळखायचा एक ठोकताळा १९९१ मध्ये छापला गेला, अ‍ॅमस्टरडॅमच्या नावानं. जवळच्या नात्यातले तीन रुग्ण, त्यांतला एक उरलेल्या दोघांचा आई, बाप, भाऊ, बहीण किंवा लेकरू. सलग दोन पिढ्या. आणि निदान एकाला पन्नाशीच्या आत. पण त्यात फक्त मोठ्या आतड्याचा कॅन्सर मोजायचा. त्या हिशेबानं आमच्याकडे दोघंच, दादा आणि मामा. आबाजी पंचेचाळिशीत "पोटात गोळा" होऊन गेले, पण त्याला पुरावा नाही. १९९९ मध्ये नियम सुधारला आणि गर्भाशय, लहान आतडं, मूत्रवाहिनी, मूत्रपिंडाची कुपी हेही धरायला लागले. म्हणजे मावशी मोजली आणि घराणं बसलं. भाटानं बाया सोडल्या याचा मला राग आला होता. अ‍ॅमस्टरडॅमवाल्यांनाही बाईचा आजार मोजायला आठ वर्षं लागली.

पुढचं काम भराभर झालं. ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये लॅबला ठेवलेला असतो (तो आणि रिपोर्ट मागून घ्या, फेकू देऊ नका). त्यावर या दुरुस्ती विभागातली चार प्रथिनं तपासतात. दादाच्या गाठीत एमएसएच२ आणि त्याचं जोडीदार एमएसएच६ ही दोन्ही गायब. मग दादाच्या रक्ताची जनुक चाचणी, तीत दोष नेमका सापडला. आधी रुग्णाची चाचणी, मगच नातेवाइकांची, हा क्रम महत्त्वाचा. एकदा चूक कुठे आहे हे कळलं की बाकीच्यांचं नेमकं तेवढंच पाहायचं असतं.

सगळ्यांनाच लिंच असतो असं समजून घाबरू नका. मोठ्या आतड्याच्या शंभर कॅन्सरांत तो तिघांच्या आसपास. बाकीच्यांत तंबाखू, दारू, वजन, खाणं, वय आणि बारीकसारीक अशी कितीतरी जनुकं. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमधल्या ४४,७८८ जुळ्यांच्या जोड्यांवरून २००० साली हिशेब केला, तेव्हा या कॅन्सरच्या धोक्यातला साधारण ३५ टक्के भाग आनुवंशिक निघाला. लिंच त्यातला थोडाच. २००७ पासून हजारो रुग्ण आणि निरोगी माणसांचे डीएनए ताडून आता या कॅन्सरच्या धोक्याशी जोडलेल्या डीएनएतल्या दोनशेच्या वर जागा सापडल्यात, एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. मधुमेह, हृदयविकार यांचंही असंच चाललंय. पण ही माणसं बहुतेक युरोपीय वंशाची. त्यांच्यावर बेतलेला धोक्याचा आकडा आपल्या शेतकऱ्याला नीट लागू पडत नाही. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचलेत, ही सुरुवात बरी. पण कोणाला आजार झाला, कोणाला नाही, ही नोंद गावपातळीवर हवी. देशाच्या ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी बार्शीला १९८७ मध्ये सुरू झाली, ती महाराष्ट्रातलीच.

मामीला हे काही नको आहे. "आता कायले उकरतं माय? दोन पोट्ट्या उजवाच्या हायेत. याचंबी कार्ड भेटन का सिकलसेलसारखं?" तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही. सिकलसेलच्या कार्डावरून मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्यात. पण सिकलसेलला आईबाप दोघांकडून जनुक यावं लागतं, म्हणून लग्न जुळवताना दोघांचं पाहतात. इथे एकाचंच पुरतं, जोडीदार कुणीही असो. आणि कळलं तर करता येतं पुष्कळ. वर्षा-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बीण, गाठ व्हायच्या आत कोंब काढून टाकायचे. बायांनी लेकरं झाल्यावर पिशवी काढायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. इंग्लंडमधल्या जॉन बर्न यांच्या अभ्यासात लिंच असलेल्या ८६१ जणांपैकी ज्यांनी अ‍ॅस्पिरिन घेतली, त्यांच्यात पुढच्या काळात आतड्याचा कॅन्सर बराच कमी झाला. पण ती आपल्या मनानं दुकानातून घ्यायची गोष्ट नाही, जठरातून रक्त जाऊ शकतं.

माझी आई मामाची सख्खी बहीण. तिला दोष असण्याची शक्यता निम्मी, मला पाव. ती म्हणते, "माहं वय झालं, तुह्यंच कर." मी म्हटलं, तुझं निगेटिव्ह आलं तर माझं आणि भावाचं करायचंच काम नाही, एका सुईत तिघं मोकळे. हे तिला पटलं. पैसे वाचतात म्हणून पटलं असेल, पण पटलं.

नेरपिंगळाईला फोन केला. फेरफारातल्या त्या अंगठेवालीचा नातू भेटला, संत्र्याची बाग आहे त्याची. आपलं नातं सांगायलाच बराच वेळ गेला. "आमच्या बुढीले पोटातच होतं म्हने," तो म्हणाला, "आन् माह्या मोठ्या आत्याचंबी." आत्याचे कागद त्याच्याकडे नाहीत, ऑपरेशन कुठे झालं ते तिच्या पोरीला माहीत. तिचा नंबर त्यानं पाठवलाय. आंबिया बहार उतरला की तोही नागपूरला येतो म्हणाला.