तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल, मग नाटकात का नाही?

"रिपोर्ट नॉर्मल आयला न्हू? मागीर नाटकांत कित्याक येना?"

हा प्रश्न लोकांनी मला फोंड्याच्या बाजारात गाठून विचारलाय, पणजीच्या कदंबमध्ये उभ्याने लोंबकळताना विचारलाय, आणि एकदा तर मयताला गेलो होतो तिथे, तिरडी बांधणं चालू असताना विचारलाय. विचारणाऱ्यांवर राग नाही. म्हणजे आहे थोडा. उत्तर म्हणून मी आजवर काय वाटेल ते सांगत आलो. कोणाला ऑफिसचं काम, कोणाला घसा, कोणाला मुलीची बारावी. बारावी होऊनही बराच काळ लोटला, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

काय झालंय ते तुम्हाला माहीतच आहे: गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावलीय, हाशिमोतोचा आजार. कोणाला कसली गोळी लागली हे आमच्या गावात गोळी पोटात जायच्या आधी पसरतं. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की मी उपाशीपोटी गोळी घेतो आणि तासभर चहाकडे बघत बसतो, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे ते सोडून देतो. फक्त दोन शंकांचा निकाल आधी लावतो, कारण त्या दर वेळी मध्ये येतात.

पहिली: "हो बायलांचो रोग न्हू?" हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं पहिलं वर्णन लिहिलं ते चार रुग्णांवरून, आणि त्या चारही बायका होत्या. म्हणजे इतिहास तुमच्या बाजूने आहे. बायकांना हा कितीतरी पटींनी जास्त होतो हेही खरं. पण पुरुषांच्या गळ्यातही तीच ग्रंथी असते, आणि शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज तिच्यावर उलटली, तर ती समोरच्याला मिशी आहे का हे बघत नाही.

दुसरी: एवढं नुस्तं, म्हणजे मासे, खाऊन आयोडीन कमी कसं पडलं? पडलेलं नाही. हा आयोडीनच्या तुटवड्याचा आजार नव्हे. उलट अशा ग्रंथीला आयोडीनचा मारा झाला तर ती आणखी बिघडू शकते. मावशी मला आगरातलं जाडं मीठ आणून देते, पाकिटातल्या मिठानेच हे झालं म्हणते. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा तिच्या हिशेबाने सगळ्या भारताचा आवाज बसायला हवा होता. मीठ मी लोणच्याला ठेवून घेतो. मावशीशी वाद घालत नाही.

आता आवाजाकडे येतो.

तो बसायला कधी लागला ते सांगता येत नाही. तालमीत वरच्या पट्टीतली वाक्यं फाटायला लागली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने बघून ॲसिडिटी सांगितली, सोलकढी आणि मिरची बंद केली. गोव्यातल्या माणसाची सोलकढी बंद करायला धैर्य लागतं. ते त्यांच्याकडे होतं. दरम्यान ऑफिसात मी मे महिन्यात पंखा बंद करायला लागलो. टेबलाला टेबल लावून बसणाऱ्यांनी माझ्याविरुद्ध तोंडी तक्रार केली, ती रास्त होती. बोटांना मुंग्या यायच्या. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, त्याची गोळी सुरू झाली, आणि पाय असे दुखायला लागले की देवळाच्या पायऱ्या मी कठड्याला धरून चढायचो. थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल वाढतं, आणि तो मंदावलेला असताना त्या गोळीने स्नायू जास्त दुखू शकतात, हे मला नंतर कळलं. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना ते माहीत असणार. पण एका माणसाने घसा बघितला, दुसऱ्याने रक्तातली चरबी, तिसऱ्याने बोटं, आणि हे सगळं एकाच माणसाला होतंय ही बातमी फक्त मला होती. मीही ती कोणाला एकत्र दिली नाही. सर्दी, वय, जागरण, असं प्रत्येकाला मी स्वतःच काहीतरी नाव देऊन टाकत होतो.

मग ती जत्रा.

नाटक ऐतिहासिक होतं. मी म्हातारा सरदार. हीच भूमिका मी आधीही केली होती, त्यामुळे पाठांतराचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या अंकात त्याचं मोठं स्वगत आहे. मुलगा फितूर झाल्याचं कळतं आणि म्हातारा तलवार खाली ठेवून देवाशी भांडतो. आमच्याकडे पालखी परतल्यावर नाटक उभं राहतं, म्हणजे तिसरा अंक यायला रात्रीचे तीन वाजतात. राजांगणात माणसं शाली पांघरून खुर्च्यांवर पाय घेऊन बसलेली, बाहेर खाजेवाल्यांच्या पेट्रोमॅक्सच्या जागी आता एलईडीचे दिवे. मी एक्झिट घेऊन मेकअप पुसेपर्यंत लोक माझी वाक्यं म्हणत चहाला जायचे, अशी वर्षं मी बघितली आहेत. फुशारकी वाटेल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

पहिली दोन वाक्यं गेली. तिसऱ्याला जीभ जड झाली. शब्द विसरलो नव्हतो. हे मी परत परत सांगतो आणि लोक मान डोलावतात, पण त्यांना ते पटत नाही. शब्द समोर उभा होता, तोंडातून यायला तयार नव्हता, आणि आला तो घोगरा, चिकट, दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातला. विंगेतून प्रॉम्प्टरने ओळ दिली. मला ऐकू आली. त्याने परत दिली. नंतर इतक्या मोठ्याने दिली की पहिल्या रांगेतल्या पोरांनी ती माझ्या आधी म्हटली. मी "देवा" म्हणून थांबलो. संहितेत तिथे थांबायचं नाही.

मागून आवाज आला, "सोरो चडला मरे हाका!"

दारू चढलीय याला, म्हणे. हशा झाला. माझ्या मुलाचं काम करणारा पोरगा हुशार, त्याचा प्रवेश पुढच्या पानावर होता तरी तो धावत आत आला, "बाबा, पुरे!" असं स्वतःच्या मनाचं वाक्य घातलं आणि मला हाताला धरून आत नेलं. प्रेक्षकांना वाटलं असेल, दारुड्या बापाला मुलगा नेतोय.

इथे एक सांगायलाच हवं. गावाला ते ठाऊक आहे, बाहेरच्यांना नाही. माझा बाप प्यायचा. पेटी उत्तम वाजवायचा आणि प्यायचा. एका उत्सवात नांदी संपायच्या आत पेटीवर डोकं टेकून झोपला, तो किस्सा अजून पंगतीत रंगतो, मी बसलेलो असलो तरी. म्हणून त्या रात्री माझ्यासाठी कोणाला वेगळं कारण शोधावंच लागलं नाही. ते आधीपासून घरात होतं. मी पितो का? चवथीला भाऊ मुंबईहून आले की थोडी, लग्नात थोडी. त्या रात्री नाही. हेही मी परत परत सांगतो.

रंगपटात मास्तर आले. ओरडले नाहीत. खांद्यावर हात ठेवला, तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ आणलं आणि विचारलं, "उदक घेता?" विचारताना त्यांनी नाकाने श्वास आत ओढला. हळूच. वीस-बावीसाव्या वर्षी ज्यांनी मला पहिल्यांदा रंगभूमीवर उभं केलं ते मास्तर माझा वास घेत होते. आणि मी काय केलं? त्यांना नीट घेता यावा म्हणून तोंड उघडून, लांबवून उत्तर दिलं, "घेतां." वास नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत होती. ते उलट गोंधळले. दारू असती तर काय करायचं, हे त्यांना पाठ होतं. माझ्या बापाच्या वेळी त्यांनीच केलं होतं.

उरलेला अंक माझ्याशिवाय झाला. कसा ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "रगत तपासूया. सगळें." त्या सगळ्यात टीएसएच पहिल्यांदा तपासला गेला. ८.६. प्रयोगशाळेप्रमाणे वरची मर्यादा चार-साडेचारच्या आसपास असते. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उलटलेल्या त्या फौजेची रक्तातली खूण, भरपूर वाढलेलं. टीएसएच हे खुद्द थायरॉइडचं हार्मोन नव्हे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते, ती थायरॉइडला काम कर म्हणून जे बजावते ते हे. थायरॉइड सुस्तावला की बजावणं वाढतं. मला यातलं काही नको होतं. मला एक कागद हवा होता, तो मिळाला. त्याचा फोटो काढून मी ज्याला-त्याला दाखवला. मास्तरांना दाखवला. बोंब मारणाऱ्याचा मला संशय होता, त्यालाही गॅरेजात जाऊन दाखवला. तो म्हणाला, "बरें, बरें," आणि पाना शोधायला लागला.

त्या दिवसांत मी रात्र-रात्र वाचत बसायचो आणि एक खजिना सापडला. रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९४९ साली थायरॉइड अगदी मंदावलेल्या रुग्णांवर लेख लिहिला. त्यांचा आवाज कसा येतो, तर पेंगुळलेला, थोडी चढलेला, सर्दी झालेला, तोंडात आलुबुखार धरलेला माणूस खराब ग्रामोफोनवर ऐकावा तसा, असं त्यात आहे. थोडी चढलेला! मी खुर्चीतून उठलो. पहाटेच बायकोला जागं केलं. गोव्यापासून इतक्या लांब, माझ्या जन्माआधी, एका माणसाने मला निर्दोष सोडलं होतं.

मग अजून वाचलं. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, याच ॲशरनी आजारपणाच्या खोट्या कहाण्या रचून इस्पितळात दाखल होणाऱ्यांच्या प्रकाराला मुंचहाउसेन हे नाव दिलं. तेही त्यांनीच. हे मी बायकोला सांगितलं नाही.

हार्मोनच्या डॉक्टर बाईंना मी ॲशर वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. मग म्हणाल्या, ते रुग्ण उपचाराविना फार पुढे गेलेले होते. साडेआठच्या आसपास टीएसएच असताना जीभ अशी अडखळणं सहसा दिसत नाही. आवाज जड होणं, थंडी, पाय, कोलेस्टेरॉल, हे मान्य. पण त्या पाच मिनिटांचं सगळं ओझं त्यांना थायरॉइडवर टाकता येईना. पहाटेचे तीन, जागरण, भीती, आणि झोपेत तुम्ही घोरता का?

घोरतो. बायकोने साक्ष दिली.

मी तेव्हा भांडलो. तेव्हाच्या मला ८.६ हा आकडा म्हणजे कोर्टात उभा केलेला साक्षीदार वाटत होता, आणि बाई त्याची उलटतपासणी घेत होत्या. आजचा मी त्याला म्हणतो, अरे, आजार दारूपेक्षा बरा म्हणून तू त्याला कवटाळतोयस. त्यावर तो म्हणतो, मग तू सांग ना काय झालं होतं. मला सांगता येत नाही. अजूनही आमचं जमलेलं नाही.

थायरॉइडची गोळी सुरू झाली. तिचं हार्मोन रक्तात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून मात्रा बदलली की सहा-आठ आठवडे थांबून मगच तपासायचं. ते थांबणं मला जमलं. थंडी गेली, पंखा लागला, ऑफिसात शांतता झाली. पाय सुधारले. टीएसएच दोनच्या आसपास आला. आवाज आला, पण सगळा नाही. आणि शब्द. बसमध्ये कंडक्टरला स्टॉपचं नाव सांगताना एखादवेळी ते तसंच समोर उभं राहतं आणि बाहेर येत नाही. रोज नाही. म्हणूनच जास्त भीती.

मी बाईंना म्हटलं, मात्रा वाढवा. त्या नाही म्हणाल्या. गरजेपेक्षा जास्त झालं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात, आणि शब्द परत येतील याची खात्री कोणीच देणार नाही. त्यांनी बी-ट्वेल्व्ह तपासलं, लोह तपासलं, झोपेची तपासणी लिहून दिली, आणि मन कसं असतं विचारलं. मनाचं नाव काढल्यावर मी उठून आलो. मनाचं म्हणजे पुन्हा रंगपटात उभं राहून कोणाला तरी वास देणं, असं मला वाटलं. नंतर वाटलं, मनच असलं तर काय होईल? मग वाटलं, पण ते नाहीये. हे पान मी इथेच दुमडून ठेवलंय.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे पिट्युटरीचं जादा बजावणं थांबलंय. तिसऱ्या अंकात, पहाटे तीनला, माझ्या तोंडातून काय निघेल याचा रकाना त्या कागदावर नाही. आणि ते बघायला मी राजांगणात उभा राहणार नाही. तुम्ही म्हणाल हा भित्रेपणा. असेल. तुमच्या बापाने पेटीवर डोकं टेकलं नव्हतं.

यंदाची संहिता वाचायला मास्तरांनी बोलावलं होतं. गेलो. त्यांनी मला पहिल्या अंकातला दूत देऊ केला, एकच प्रवेश, मध्यरात्रीच्या आसपास उरकणारा. मी प्रॉम्प्टिंग मागितलं. ते म्हणाले, प्रॉम्प्टर आहे, दूत नाही. झोपेच्या तपासणीची तारीख तालमी सुरू व्हायच्या आधीची मिळाली आहे. मास्तरांना सांगितलंय, ती होऊ दे, मग बघतो. ते बरं म्हणाले, पण दूताची वाक्यं लिहिलेली वही त्यांनी माझ्या पिशवीत घातली आणि परत घेतली नाही.