देवानं केलेलं बेट

परवा मनवाला एक उत्तर दिलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

नात दुबईत, मी इथे गोव्यातल्या दिवाडी बेटावर. फोनवर तिनं शाळेत काढलेलं चित्र दाखवलं. निळं पाणी आणि मधोमध झाड. मी म्हटलं, "वा गं, माड काढलास?" तर म्हणे, "आजी, हा माड नाही, हे आमचं बेट आहे. पप्पा म्हणतात माणसांनी केलंय. तुमचं कोणी केलं?"

मी पटकन म्हटलं, "देवानं."

म्हणताना माझा सूर कसा लागला, तो माझा मलाच ऐकू आला. तुमचं ते माणसांनी केलेलं, आमचं बघ! सहा वर्षांच्या पोरीवर कुरघोडी. शोभतं का?

झाडाच्या आकाराच्या त्या बेटाचं, पाम जुमेराचं, कौतुक मुलगा रत्नाकर तिकडे गेल्यापासून ऐकतेय. 2001 साली काम सुरू झालं. आखाताच्या तळातून 9 कोटी घनमीटरांहून जास्त वाळू उपसली. दाराशी एवढं वाळवंट, पण ती वाळू चालत नाही म्हणे, वाऱ्यानं घासून गुळगुळीत झालेली, पाण्यात बसत नाही. भोवती 11 किलोमीटरचा दगडी बांध. आणि पाच-सहा वर्षांत माणसं राहायलासुद्धा आली. हे सगळं त्यानं पडवीत बसून सांगितलं होतं, गेल्या खेपेला. म्हणजे तीन चवथींपूर्वी. असो.

काल दुपारी पाऊस उघडला तशी आमच्या शेताच्या नदीकडच्या बांधावर जाऊन आले. ह्यांना सांगितलं नाही, गुडघ्यांसकट मागून आले असते.

मानशीचं, म्हणजे बांधात पाण्याला ठेवलेल्या वाटेचं, दार खालून कुजलंय. हात लावला तर लाकडाचा ओला भुगा बोटांना लागला. दार कसलं साधं! भरतीला नदीचं पाणी बाहेरून रेटतं, दार आपसूक मिटतं. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. कडी नाही, कुलूप नाही. आता फळीच नाही म्हटल्यावर नदी हवी तेव्हा आत येते. आमच्या शेतात तिवर डोक्याएवढे झालेत. ते तोडायचे तर कायदा आडवा. जिथे कोरगुट भात डुलायचं तिथे बगळे एका पायावर उभे. पर्यटक फेरीबोटीतून उतरले की त्यांचेच फोटो काढतात.

मामंजी असते तर? पावसाच्या आधी गडी घेऊन बांधावर असायचे. चिखलाचे गोळे हातोहात जायचे, मध्ये पेंढा, नदीच्या अंगाला चिरे. मग एकटेच वाकून चालत कुर्ल्यांची बिळं शोधायचे. एक बीळ नजरेतून सुटलं की अवसेच्या भरतीला बांध फुटून खांड पडलीच म्हणून समजा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या पावसात अशीच खांड पडली होती. रात्री दोन वाजता अख्खा वाडा कंदील घेऊन धावला. मीसुद्धा, नवं लुगडं कमरेला खोचून.

1964 चा कूळ कायदा आला, पुढे जमिनी कुळांच्या झाल्या. चांगलंच झालं, आम्हीही कुळंच. पण गावकारीचा, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराचा, हात सुटला आणि बांध हळूहळू कोणाचाच राहिला नाही. मानशीतल्या मासळीचा लिलाव तेवढा कोणी चुकवत नाही.

तिथेच चिऱ्यावर बसून थोडी रडले. चिखलात एवढ्या पिढ्या घातल्या त्या कोणासाठी, वगैरे. बगळ्यांनी लक्ष दिलं नाही.

मग आठवलं, रत्नाकरनं आणखी एक सांगितलं होतं. त्यांचा तो दगडी बांध आधी अखंड होता. आतलं पाणी हलेना, कुबट व्हायची भीती. म्हणून त्याला दोन ठिकाणी खिंडारं ठेवावी लागली, भरती-ओहोटी आत-बाहेर करायला. मला एकटीलाच हसू फुटलं. एवढे इंजिनिअर, एवढा पैसा, आणि शेवटी पाण्याला वाट ठेवा! हे आमच्या गड्यांना विचारलं असतं तर पेजेच्या वाटीवर सांगितलं असतं.

पण म्हणजे माझं उत्तर साफ खोटं. टेकडी देवाची असेल, पण खालचं सगळं खाजन, ही बांधाआडची सखल शेतजमीन, आमच्याच माणसांनी खाऱ्या पाण्यातून ओढून काढलेलं. आणि देवाचं म्हणाल तर सप्तकोटेश्वराला पोर्तुगीजांच्या काळात ह्याच दिवाडीवरून उचलून पलीकडे नार्व्याला न्यावं लागलं. पुढे 1668 साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ बांधून काढलं. ज्याला आम्हीच होडीत घालून पार केलं, त्याच्या नावावर बेट खपवत होते मी.

आज संध्याकाळी फोन लागला. सूनबाई घाईत होती. चवथीचं मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. मनवाला म्हटलं, "अगं, परवा आजी चुकली. आमचं बेटही निम्मं माणसांनीच केलंय. तुझ्या पणजोबांनी. चिखलानं."

"हातानं?"

"हातानं."

थोडा वेळ गप्प. मग म्हणे, "त्याचा आकार कसला आहे?"

एवढी वर्षं इथे आहे, हा प्रश्न कधी पडला नव्हता. म्हटलं, "वरून कधी पाहिलं नाही गं."

"आम्हीपण नाही," ती म्हणाली, आणि फोन आईच्या हातात देऊन पळाली.