सेलवरचा आकडा विशीचा, सोलापूर बेचाळिशीचं

जर्मनीहून सोलापूरला निघालेल्या बॅगेत चॉकलेटांच्या जोडीला हल्ली रिचार्जेबल सेल असतातच. बीपीच्या मशीनला, टॉर्चला, गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या खेळण्यांना. मग मे महिन्यात फोन येतो, ‘सेल टिकत नाहीत रे!’

चांगल्या कंपनीच्या पाकिटावरचे २००० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) खोटे नसतात. फक्त ते २० अंशांच्या आसपास, पाच तासांत सावकाश सेल उतरवून मोजलेले असतात. इकडच्या घरांत हवा साधारण तशीच. सोलापुरात बेचाळीस अंशांत सेल चार्ज कमी घेतो आणि नुसता पडून लवकर उतरतो. म्हणून मोजणी तिथेच करावी.

व्होल्ट दाखवणाऱ्या नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. निकेल-मेटल हायड्राइडचा, म्हणजे हा नेहमीचा रिचार्जेबल सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. थकलेला सेलही चार्जरमधून काढल्या काढल्या १.४ दाखवतो, भिंतीवरचं घड्याळ चालवतो आणि बीपीचा पंप सुरू झाला की मान टाकतो.

२.२ ओहम, ५ वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणि एका सेलचा होल्डर आणा. सेल पूर्ण चार्ज करून तासभर थंड होऊ द्या. आधी नुसत्या सेलचे व्होल्ट घ्या, मग रेझिस्टर जोडून दहा सेकंदांनी. मल्टिमीटरच्या पिना थेट सेलच्या टोकांना टेकवा, नाहीतर स्प्रिंगचा रोधही त्यात मोजला जातो. १.३४ वरून १.३१ झालं तर सेल ठणठणीत. १.२४ वर आला तर आतला रोध वाढलाय, तो बीपीच्या मशीनला नको.

आता रेझिस्टर तसाच ठेवून व्होल्ट १.० वर येईपर्यंतचा वेळ मोजा. करंट सरासरी ०.५५ अँपिअर असतो, म्हणजे साडेतीन तास टिकला तर १९०० एमएएच. दोनच तास टिकला तर ११००. तो रिमोटला द्या. १.१ च्या खाली व्होल्ट भराभर पडतात, तिथून दर पाच मिनिटांनी बघा आणि १.० ला सोडवा. रात्रभर विसरलात तर चांगला सेलही बिघडू शकतो. दोन-तीन सेल ओळीत जोडून तर मोजूच नका: कमजोर सेल आधी रिता होतो आणि बाकीचे त्यातून उलटा करंट ढकलतात. फार दिवस पडून असलेल्या सेलला दोन-तीन वेळा चार्ज करून उतरवल्याशिवाय नापास करू नका.

दुसरी मोजणी पूर्ण चार्ज करून महिनाभर कपाटात ठेवल्यावर. २००५ मध्ये सान्योने पडून राहिले तरी फारसे न उतरणारे एनेलूप सेल आणले, त्या जातीचे सेल इथे पुढे असतात. साधे बरेच उतरलेले सापडतात.

चार्जिंग पहाटे करा. सेल भरला की त्याचे व्होल्ट किंचित घसरतात, त्यावरून बरेचसे चार्जर थांबतात. उन्हाळ्यात ही घसरण आणखी बारीक होते, स्वस्त चार्जरला ती कळत नाही आणि सेल भाजत राहतो.

पेन्सिल सेलवर ४००० एमएएच छापलेलं दिसलं तर पैसे खिशातच ठेवा. या आकारात २८०० च्या फार पुढे कुणी जात नाही. काट्यावर टाकून बघा, २००० चा अस्सल सेल २६-२७ ग्रॅम भरतो.

मोजलेला आकडा आणि महिना मार्करने सेलवरच लिहा. बीपीच्या मशीनमध्ये चारही सेल जवळच्या आकड्यांचे घाला.