वजन उतरलं, पण तो कोट सोडवेना : माझा अनुभव

वजन उतरवायला लागला नव्हता इतका धीर मला एका कोटाचे खांदे आत घ्यायला लागला. बाकीचं कपाट भराभर आवरलं. कोटाचं मात्र सविस्तर सांगते, कारण जीव लावलेला एखादा कपडा तुमच्याकडेही असेल आणि तो नको त्या हातात पडू नये असं मला फार वाटतं.

रोजचे टी-शर्ट, ढगळ झालेल्या पँट्स, फारसे न आवडलेले ड्रेस सोडताना काहीच वाटलं नाही. धुतले, बटणं आणि चेन तपासल्या आणि ओळखीत ज्यांना बसतील त्यांना विचारून दिले. काखेत विरलेले कपडे पुसायच्या फडक्यांत गेले. जे आपण स्वतः घालणार नाही ते दुसऱ्याला द्यायचं नाही, एवढं मी कटाक्षाने पाळलं.

मग उरले लाडके कपडे. त्यात सगळ्यात वर बॉटल ग्रीन रंगाचा कॉर्डरॉयचा कोट. ज्या मुलाखतींना जाताना पोटात गोळा यायचा, त्या सगळ्यांना मी तोच घालून गेले होते. आता त्याचे खांदे दंडावर उतरले होते आणि बाह्या बोटांपर्यंत येत होत्या.

कपडे ऑल्टर करून देणाऱ्या एका दुकानात तो नेला आणि तिथेच सगळं अडलं. खांदे आत घ्यायचे आहेत, हे मी स्पष्ट सांगितलं. "होऊन जाईल," असं उत्तर मिळालं. घालून दाखवते, टाचण्या लावून बघा, म्हटलं तर "गरज नाही, अंदाज आहे." छातीभोवती टेप फिरवली, चिठ्ठीवर एक आकडा लिहिला आणि कोट ढिगावर टाकला. त्यानंतर नुसत्या तारखा. उद्या या, परवा या, कारागीर सुट्टीवर आहे, मशीन बिघडलंय. मी जायची तेव्हा तो हिरवा रंग ढिगात होता तिथेच दिसायचा.

अखेर कोट हातात आला तो फक्त दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेऊन. छातीत आवळला होता, खांदे तसेच लोंबत होते, बगलेखाली कापड गोळा झालं होतं आणि हात वर केला की अख्खा कोट वर चढत होता. वर, "खांद्याचं काम आम्ही करत नाही," हे तेव्हा सांगितलं! काम अवघड असतं हे मला मान्य आहे. पण जे करायचंच नव्हतं ते पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जास्तीचं कापड कापलं नव्हतं, एवढंच नशीब. तिथेच उभी राहून मी शिवणी उसवून घेतल्या आणि कोट परत आणला. म्हणून सांगते, कपडा देतानाच बजावा की ट्रायल झाल्याशिवाय आतलं कापड कापायचं नाही. ते राहिलं तर कपडा पुन्हा सैल करता येतो.

खांद्याचं काम खरंच मोठं असतं, हे मला पुढे एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी समजावलं. बाही काढायची, अस्तर उसवायचं, पॅड बाजूला करायचं, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, नव्याने कापायचा आणि मग त्या मुंढ्यात बसेल अशी बाही पुन्हा लावायची. खांदा आत गेला की बाही वर सरकते, त्यामुळे तिची लांबी शेवटी ठरवायची. आत जो शर्ट घालणार तोच घालून यायला त्यांनी सांगितलं, आरशासमोर उभं केलं आणि टाचण्या लावल्या. म्हणाल्या, "दोन्हीकडून पाऊण पाऊण इंच घेते. त्याहून जास्त मागू नका, कॉलर नीट बसणार नाही." कच्ची शिलाई घालून ट्रायलला बोलावलं, पाठीत थोडं सोडलं आणि मगच पक्की टीप मारली. बगलेखाली जुन्या शिवणीची एक रेघ राहिली, कारण कॉर्डरॉयची लव तिथे दबली होती. पण कोट अंगावर बसला तेव्हा मला इतका आनंद झाला की तो घालूनच मी घरी आले.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : वजन काही महिने स्थिर राहीपर्यंत लाडक्या कपड्यांना कात्री लावू देऊ नका. काट्यावर एकदोन किलो नुसत्या पाण्यानेही वरखाली होतात. कमरेचं माप टेपने घेत राहा, त्यावरून जास्त खरं कळतं.

काही कपड्यांचा नाद सोडावा लागतो. चामड्यावर सुईची भोकं कायम राहतात, साटीनवरही बहुधा दिसतात. पँटची कंबर मागच्या शिवणीतून साधारण 2 इंच आत जाते, त्यापुढे मागचे खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. आणि कपडा लहान व्हावा म्हणून गरम पाण्यात घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लोकर एकदा आटली की पूर्ववत होत नाही, आणि आटते तीही वेडीवाकडी.

मोठे कपडे ठेवले की वजन परत येतं, सगळे देऊन टाका, असं मला अनेकांनी सांगितलं. मला ते मुळीच पटत नाही. आजारपणात, औषधांनी, बाळंतपणात शरीर बदलतं, आणि तेव्हा अंगाला नीट बसणारा चांगला कपडा हाताशी असणं ही गरज आहे. मी मोजके ठेवले आहेत. ठेवताना मात्र धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. कसरीच्या अळ्या लोकर आणि रेशीम खातात, आणि घामाचे डाग असतील तिथे आधी लागतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा जुन्या सुती चादरीत बांधा. स्वेटर हँगरवर लटकवू नका, खांदे ताणले जातात.

निळा साटीनचा ड्रेस बहिणीला दिला. तिला तो न उसवता बसला. राखाडी लोकरी पँट अजून राहिली आहे. तिची कंबर 3 इंच सैल आहे, म्हणजे बाजूच्या शिवणीही उघडाव्या लागतील. ती त्याच बाईंकडे नेणार आहे आणि जाताना नेहमीचे बूट घालून जाईन, म्हणजे लांबीचं मापही तेव्हाच घेता येईल.