बोरघाटातला चढ कोणी ओढला?

दुचाकीला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर बंदी आहे. बोरघाट बघायचा असेल तर ही बंदी पथ्यावरच पडते. काचा बंद करून पुण्याला जाणाऱ्याला आपण कोकणातून देशावर कधी आलो ते कळतही नाही. खोपोलीहून जुन्या रस्त्याने निघालं की दोन वळणांतच गिअर खाली आणावा लागतो आणि पुढे भरलेला ट्रक कण्हत असतो. मग साहजिकच मनात येतं, इंजिनं नव्हती तेव्हा हा चढ ओढत कोण होतं?

पायथ्याला नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि वीरेश्वराचं देऊळ आहे. घाट चढण्याआधी माणसाला आणि जनावराला काय लागतं, हे बांधणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. तेव्हा माल बैलांच्या पाठीवर चढायचा आणि बडी माणसं भोयांच्या खांद्यावर. १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर जॉन माल्कमने चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला केला. कोकण आणि दख्खन यांच्यातली भिंत पाडली, अशा अर्थाचं त्याने मोठ्या अभिमानाने लिहून ठेवलंय. त्याचा अभिमान मला फुकाचा वाटत नाही.

थोडं वर शिंगरोबाचं देऊळ लागतं. ड्रायव्हर मंडळी इथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाहीत. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, अशी कथा. बक्षिसाचा भाग मागाहून जोडला असावा असं मला वाटतं. पण जनावरं घेऊन वर्षानुवर्षं डोंगर चढणाऱ्याला जी वाट ठाऊक, ती दुर्बीण लावून बसलेल्या इंजिनियराला सापडेना, हे मात्र सहज पटतं.

वर आल्यावर दरीपलीकडे रेल्वेचे बोगदे दिसतात. या घाटातलं सगळ्यात अचाट आणि सगळ्यात महागात पडलेलं काम हेच. पंचवीसेक किलोमीटरांत १,८३१ फूट चढायचे, तेही काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट अशा चढाने. काम १८५६ मध्ये सुरू झालं. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि ठेकेदार फेव्हिएलने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्याकडे घेतला आणि जाणकार माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. ऐन भरात इथे ४२,००० मजूर राबत होते. पटकी आणि अपघातांनी त्यातले हजारो गेले. २१ एप्रिल १८६३ ला गाडी सुरू झाली, पण मुख्य इंजिनियर जेम्स बर्कलेही तोवर हयात नव्हता.

तेव्हा मधल्या रिव्हर्सिंग स्टेशनावर गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने उरलेला चढ चढायची. १९२९ मध्ये ते बंद झालं. कर्जतला मागून लागणारी बँकर इंजिनं मात्र अजून आहेत. ती लागेपर्यंत वडापाव खाणाऱ्यांना ती ठाऊक असतात, बाकीचे झोपलेले असतात.

इथेच १८३० चा अमृतांजन पूल होता. एक्स्प्रेसवे त्याच्या कमानीखालून गेला, खांबांमुळे वाहतूक अडू लागली आणि एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून तो पाडला. वाहतुकीचं कारण खरं आहे, तरी पुलाचं एखादं तरी कमानवजा अंग बाजूला उभं ठेवायला हवं होतं. ट्रकवाल्यांना हे सांगायची सोय नाही. एरवी बंदी असली तरी इथे थोडं अंतर दुचाकींनाही एक्स्प्रेसवेवरूनच जावं लागतं, तेव्हा जीव मुठीत धरून.

लोणावळ्यात चिक्कीच्या गर्दीला चुकवून थेट कार्ल्याच्या लेण्यांकडे गेलो. बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांचा हा फार जुना रस्ता, आणि चैत्यगृहाच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या, खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकसुद्धा. वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं बिनदिक्कत कोरून ठेवलंय. पायऱ्या चढून दमलेलो होतो, वर छताच्या मूळ लाकडी कमानी अजून जागच्या जागी होत्या. शेठजींशी वाद घालावासा वाटला नाही.