कांदेनवमीचे वडे आणि कांद्यातले पाणी

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, आमच्या घरी कांद्याच्या पदार्थांचा बेत असतो. पुढे कार्तिकी एकादशीपर्यंत घरातली वडीलधारी माणसे कांदा, लसूण आणि वांगे खात नाहीत. त्यामुळे त्याआधीच्या या कांदेनवमीला झुणका, भरीत, थालीपीठ आणि तळणातले काहीतरी व्हायलाच हवे, असा शिरस्ता आहे. तळणात पूर्वी कांद्याचे भजे असत. त्यांच्या जागी तळहाताएवढे चपटे, कडेला जाळी सुटलेले कांदावडे करायचे मी ठरवले, ते घरातल्या जेवणाच्या वेळा पाहून. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात या दिवसांत डवरणी आणि निंदण ही शेतातली कामे सुरू असतात. वावरातून कोणी बारा वाजता येते, कोणी दोन वाजता. कढईतून निघालेले भजे लगेच खाल्ले तर उत्तम लागतात, पण अर्ध्या तासाने त्यांचा ओला गोळा होतो. मला उशिरा येणाऱ्याच्या ताटातही कुरकुरीत राहील असा पदार्थ हवा होता, आणि तोही पावसाळी दमट हवेत.

तळलेला पदार्थ मऊ पडला की दोष हवेला दिला जातो. ते निम्मेच खरे आहे. हवेतला ओलावा वड्याला बाहेरून लागतो खरा, पण त्याच्या कितीतरी आधी वड्याच्या पोटात राहिलेले पाणी आतूनच कवचाकडे सरकते आणि कडक कवच नरम करते. कांद्याच्या वजनात ८५ ते ९० टक्के पाणीच असते. म्हणजे अर्धा किलो कांदा चिरला, तर आपण जवळजवळ साडेचारशे मिलिलिटर पाणी तेलात सोडायला निघालेलो असतो. हे पाणी किती बाहेर काढायचे, किती पिठाला प्यायला द्यायचे आणि उरलेले तेलात केव्हा उडवायचे, एवढ्यावरच या वड्याचे सगळे काही ठरते, असे माझे मत झाले आहे. पीठ कोणते आणि मसाला कोणता, हे प्रश्न त्यानंतरचे.

म्हणून सुरुवात कांद्याच्या निवडीपासून करावी लागते. उन्हाळी कांदा एप्रिल-मे महिन्यांत निघतो, तो वाळवून, पात कापून घरात पसरून ठेवलेला असतो आणि आषाढापर्यंत त्याची वरची सालपटे कागदासारखी खडखडीत झालेली असतात. वड्यांना हाच कांदा चांगला. दिवाळीच्या आगेमागे बाजारात येणारा खरिपाचा कांदा रसरशीत असतो, टिकतही नाही, आणि त्याचे वडे करायचे तर पाणी काढण्यातच जीव जातो. आठवडी बाजारात पांढरा कांदा मिळाला तर मी तो घेते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘अकोला सफेद’ ही जात आपल्याकडे ओळखीची आहे. पांढऱ्या कांद्यात पाण्याच्या मानाने घन भाग जास्त असतो, म्हणूनच कांदा सुकवून विकणारे कारखानेही त्यालाच पसंती देतात. वड्यात त्याचा रंग सोनेरी येतो आणि गोडवाही किंचित अधिक असतो. लाल कांद्याने अडते असे मात्र नाही.

चिरण्याची दिशा ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तशी ती नाही. कांद्याचे शेंड्यापासून मुळापर्यंत उभे दोन भाग करून त्याच दिशेने पातळ उभे काप घेतले, तर पेशी कमी फाटतात, पाणी कमी सुटते आणि तळताना कापाचा दोरा अखंड राहतो. आडवे काप म्हणजे चकत्या. त्या लगेच पाझरतात आणि वड्यात विरघळल्यासारख्या होतात. सासूबाई पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून हे काम माझ्या चाकूपेक्षा निम्म्या वेळात करतात. पाते धारदार असले की डोळ्यांतून पाणीही कमी येते, कारण कांदा चेंगरला जात नाही. काप साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीचे असावेत. त्याहून पातळ काप जळतात आणि जाड काप आत कच्चे राहतात.

अर्धा किलो चिरलेला कांदा मी कोपरात, म्हणजे परातीत, पसरते, त्यावर दीड चहाचा चमचा मीठ भुरभुरवते आणि बोटांनी काप मोकळे करते. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते. पंधरा-वीस मिनिटांत तळाशी पाणी जमलेले दिसते. तास-दोन तास ठेवले तर कांदा पार लुळा पडतो आणि वड्यात त्याचा वेगळा दोरा उरत नाही, तेव्हा वीस मिनिटांच्या पुढे मी जात नाही. मग मुठीत धरून हलकेच दाबायचे. या दाबण्याबाबत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. कांदा घट्ट पिळून कोरडा करावा, असे माझ्या जावेचे म्हणणे. पण तसे केल्यास पाण्याबरोबर कांद्याची गोडी आणि वासही जातो आणि वडा नुसता पिठाचा लागतो. मी हलके दाबून निघालेले पाणी वाटीत ठेवते आणि पीठ भिजवायला लागेल तसे तेच वापरते. वरचे पाणी एक थेंबही घालत नाही. सासूबाईंचे सांगणे यात अगदी नेमके आहे : “पानी नोको टाकू वं माय, कांद्याले त्याचं पानी रायतेच.”

पिठात मुख्य घटक चणाडाळीचा भरडा. नुसते बारीक बेसन घेतले तर ते पाण्यात लगेच लापशी होऊन कांद्याभोवती जाड लेप धरते, आणि तो लेपच पुढे मऊ पडतो. भरड्याचे कण वेगवेगळे राहतात, तळल्यावर दाताखाली कडक लागतात. घरच्या हरभऱ्याची डाळ गिरणीतून जाडसर दळून आणली, तर काम सोपे होते. अर्धा किलो कांद्याला मी एक वाटी भरडा, बांधणीपुरते दोन मोठे चमचे बेसन आणि तीन मोठे चमचे तांदळाचे पीठ घेते. तांदळाचे पीठ हवेच; त्याने कवच पातळ आणि ठिसूळ होते. ज्वारीचे पीठ घालून पाहिले आहे, चव सुंदर येते, पण वडा उलटताना कडा मोडतात. पावसाळ्यात डब्यातले बेसन ओलसर होऊन त्याच्या गाठी धरतात, म्हणून मंद आचेवर कढईत रंग न बदलता थोडे परतून गार करून घेते.

मिश्रण झाल्यावर त्याला दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवणे आवश्यक आहे, कारण भरडा हळूहळू पाणी पितो. या वेळात कांदा पाणी सोडतो आणि भरडा ते शोषतो, आणि अखेरीस मिश्रण इतपतच ओले राहते की मुठीत दाबले तर गोळा होतो आणि सोडले तर कांद्याच्या कडा मोकळ्या होतात. कोरडे वाटले तर वाटीतले पाणी चमच्याने. ओले वाटले तर आणखी पीठ कोंबू नये, थोडा भरडा तेवढा घालून पुन्हा थांबावे.

मोहन आणि सोडा यांबद्दल थोडे स्पष्टच लिहिते. आमच्याकडे कुरकुरीतपणासाठी चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची सवय होती. सोड्याने वडा फुगतो, हलका होतो, पण त्याच्या पोटात पोकळ्या तयार होतात आणि त्या तेल धरून ठेवतात. शिवाय सोड्यामुळे कांदा लवकर मऊ होतो आणि वरचा रंग आत शिजण्याआधीच गडद होतो. ज्याला लगेच खायचे आहे त्याने हवा तर घालावा. तासाभराने खायच्या वड्याला मात्र तो नकोच. त्याऐवजी दोन चमचे कडकडीत तेल पिठावर ओतून चोळून घेतले की पिठाच्या कणांवर तेलाचा थर बसतो आणि कवच खुसखुशीत होते. मोहन याहून वाढले, तर वडा तेलात सुटतो.

मसाल्याचे फार कौतुक नको. भिवापुरी मिरचीचे तिखट, थोडी हळद, हातावर चोळलेला ओवा, ओबडधोबड कुटलेले धने, तीळ, बारीक चिरलेला हिरवा सांभार (कोथिंबीर) आणि गोडनिंबाची (कढीपत्त्याची) फाडलेली पाने. लसूण त्या दिवशी सढळ हाताने, कारण पुढे चार महिने तो घरात दिसणार नाही.

वडा थापायला मी पळसाचे पान घेते. पानावर पाण्याचा हात फिरवून लिंबाएवढा गोळा ठेवायचा आणि बोटांनी पसरवायचा. मध्ये जाडी करंगळीच्या निम्मी, कडेला त्याहून कमी, आणि कडा मुद्दाम गुळगुळीत करायच्या नाहीत. बाहेर डोकावणारे कांद्याचे दोरेच तळल्यावर जाळी होतात. मधोमध बोटाने भोक पाडले की वाफेला वाट मिळते आणि मध्य भाग कच्चा राहत नाही. एवढ्या मिश्रणाचे सोळा-सतरा वडे होतात. थापलेले वडे पानावर रांगेने करून ठेवू नयेत, कारण मीठ आपले काम करतच असते. चार थापावे, चार तळावे.

आता तेल आणि जाळ. तेल मी फल्लीचे, म्हणजे शेंगदाण्याचे, वापरते, ते मोठी आच सोसते. जवसाचे तेल चटणीवर कितीही आवडत असले, तरी ते तळणाचे नव्हे. तापवले की ते लवकर बिघडते. आमची पसरट कढई शेगडीवर नीट बसत नाही, म्हणून हे काम मागच्या अंगणातल्या चुलीवर होते, आणि चुलीवरची आच सांभाळणे हा वेगळाच अभ्यास आहे. तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीची आणि कपाशीची वाळकी झाडे, भडकन पेटतात आणि तितक्याच झटकन विझतात. नुसत्या त्यांच्यावर तेल कधी धूर सोडते, तर कधी निवते. बाभळीचे जाड लाकूड तळाला लावून त्याचा निखारा धरला की आच स्थिर राहते, आणि जास्त ताप हवा असेल तेव्हा चार तुराट्या आत सारता येतात. तेलाचा अंदाज मिश्रणाच्या चिमटीवरून घ्यायचा. ती तळाला बसून सावकाश वर आली तर तेल मध्यम, टाकताच फसफसत वर आली तर कडक.

पहिले तळण मध्यम तेलात, साधारण १५० ते १६० अंशांच्या आसपास. वड्याभोवती उठणारे बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी वाफ, आणि ही वाफ जोरात निघत असते तोवर तेलाला आत शिरायला जागा मिळत नाही. म्हणून मी रंगापेक्षा बुडबुड्यांकडे लक्ष देते. सुरुवातीला त्यांचा कल्ला असतो, मग ते बारीक आणि विरळ होत जातात, आवाजही उतरतो. एका वेळी चार-पाचच वडे सोडायचे. कढई भरली की तेल एकदम निवते आणि वडे तळले न जाता तेलात उकडल्यासारखे होतात. पाच-सहा मिनिटांत फिकट पिवळे झाले की काढून घ्यायचे. हे वडे अजून खायचे नसतात.

घरातल्या वेगवेगळ्या जेवणवेळांचा प्रश्न सुटला तो इथेच. एकदा तळलेले वडे टोपल्यात मोकळे पसरून ठेवले की निवताना आतला ओलावा कवचाकडे येतो. माणूस वावरातून आला, हातपाय धुऊ लागला, की चुलीत तुराट्या सारून तेल १८० अंशांच्या घरात न्यायचे आणि त्याच्या वाट्याचे वडे मिनिटभर पुन्हा सोडायचे. कवचापर्यंत आलेले पाणी या दुसऱ्या तळणात उडून जाते, तपकिरी रंग चढतो आणि वडा झाऱ्यावर ठेवताना खडखड वाजतो. असा दोनदा तळलेला वडा पाऊण तासानेही कडेला कुरकुरीत असतो. मध्य भाग थोडा नरम होतो, पण तेवढे कांद्याच्या वड्यात असावेच.

वडे निथळवण्याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. तेल वड्यात सर्वांत जास्त शिरते ते तळताना नव्हे, तर बाहेर काढल्यावर निवताना. आतली वाफ आटते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. त्यामुळे झारा कढईवरच दोन-तीनदा झटकावा आणि वडे बांबूच्या टोपल्यात उभे टेकवून ठेवावेत, म्हणजे खालूनही हवा लागते. ताटात एकावर एक रचले तर ते आपल्याच वाफेने भिजतात. वर्तमानपत्रावर तर काढूच नयेत. छपाईची शाई अन्नाला लागते, आणि देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ साली त्याविरुद्ध सूचना काढली होती.

ताटात वड्यांबरोबर ताकाची पातळ कढी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असतो. कढी वड्यावर ओतायची की वाटीत वेगळी द्यायची, यावर मी ठाम आहे : वेगळीच द्यायची. सासरे मात्र कढीत बुडवूनच खातात आणि इतका खटाटोप कशासाठी केला, असे विचारतात.

उरलेले वडे दुसऱ्या दिवशी मुद्दाम कढीत सोडायचे, तेव्हा मऊपणाच हवा असतो. दशमीला ते संपवावेच लागतात. कढईतले तेल निवल्यावर कापडातून गाळून घेते, कारण भरड्याचे जळके कण तळाशी राहिले तर पुढच्या फोडणीला कडवट वास येतो. ते तेल आठवडाभरात भाजीला संपवते, पुन्हा तळणाला घेत नाही.