सेंच्युरी 1/24: काळा अखेर बसला!

टोयोटा सेंच्युरीच्या 1/24 स्केल मॉडेलच्या बॉनेटवर ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसतेय! कडा फाटत नाहीत, वर दुधाळ पडदाही नाही. मागच्या अपडेटमध्ये बॉडी पुन्हा स्ट्रिप करायला, म्हणजे रंग उतरवायला, घेतली होती, तिथून पुढची हकीकत.

आओशिमा या जपानी कंपनीचं जीझेडजी 50 (सेंच्युरीच्या दुसऱ्या पिढीचा कोड) किट कर्बसाइड आहे, म्हणजे आत इंजिन नाही, बॉनेट उघडत नाही. त्यामुळे 1997 साली आलेल्या या दुसऱ्या पिढीची खरी शान, तो पाच लिटरचा व्ही-12, दिसणारच नाही. एका बाजूचे सहा सिलिंडर बंद पडले तरी उरलेल्या सहांवर गाडी चालत राहावी, अशी त्याची व्यवस्था होती. ते सगळं झाकलेलं, त्यामुळे मॉडेलची सगळी भिस्त रंगावर. त्यात या लांब, सपाट बाजूंवर काळा रंग कुठलीच खोट लपू देत नाही.

घोळ पावसाळ्याचा होता. ठाण्यातल्या जुलैत काळा मारला की बघता बघता ग्लॉसवर पांढुरकी झाक. ब्लशिंग! पहिला संशय थिनरवर. हार्डवेअरच्या दुकानातला सुटा थिनर इतका झपाट्याने उडतो की पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ थेट रंगावर बसते. मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर आणला. महाग आहे, पण ग्लॉससाठी दुसरं काही वापरूच नका. झाक गेली, बारीक खड्डे मात्र राहिले.

मग रंग न भरता एअरब्रश नुसताच काचेवर चालवला. थोड्या वेळात काचेवर पाण्याचे टिपके! कंप्रेसरसोबत आलेला ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी वाटी) त्याला चिकटूनच असतो. तिथे हवा गरम, म्हणून वाफ ट्रॅपमधून निसटते आणि पुढे होजमध्ये गार होऊन तिचं पाणी होतं. आता कंप्रेसर आणि ट्रॅपच्या मधे लांब होजचं वेटोळं घातलंय आणि ते पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलंय. सगळं पाणी ट्रॅपच्या वाटीत साठतं, ब्रशला कोरडी हवा. ही वाटी भरताना बघण्यात जे सुख आहे ते तुम्हालाच कळेल!

त्यानंतर पातळ थर, मधे 2000 ग्रिटचा वॉटर पेपर, वर पारदर्शक क्लिअर आणि शेवटी तामियाचं कोर्स, फाइन, फिनिश कंपाउंड. 2018 च्या खऱ्या सेंच्युरीच्या काळ्याला सात थर असतात आणि मधे मधे पाणी लावून घिसाई. ती मेहनत आता हाताला कळली.

पुढचं काम इंटीरियर. सीटना सेमी-ग्लॉस तपकिरी लेदर देणार होतो. पण लिहिता लिहिता वाटतंय, चुकीचं होईल. या गाडीची ओळख लोकरी कापडाच्या सीट. लेदर बसता-उठता करकरतं, लोकर गप्प असते. तेव्हा लेदर रद्द, फ्लॉकिंग करायचं, म्हणजे गोंदावर बारीक तंतूंची पावडर भुरभुरायची. मागच्या काचांच्या पडद्यांना पातळ नेटचं कापड मिळालंय. करड्या रंगाची, 1/24 ला शोभेल इतकी बारीक फ्लॉकिंग पावडर मुंबई-पुण्यात कुणाकडे मिळते? आणि खाली चिकटवायला पीव्हीए (पांढरा गोंद) लावता की इनॅमल रंग? सांगा, तोवर विंडो ट्रिमला फॉइल चढवून घेतो.